पगाराचं शेत

दिवाळी सरली, भाऊबीज झाली की नागपुरातल्या अनेक नट-गायकांच्या बॅगा भरल्या जातात. वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, कुरखेडा, अर्जुनी मोरगाव. पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, रात्री जेवणं आटोपल्यावर पडदा उघडतो आणि पहाट होईपर्यंत नाटक चालतं. एका प्रयोगाला आम्ही ‘नाईट’ म्हणतो आणि कलावंताचा भावही नाईटवरच ठरतो. ‘यंदा किती नाईट?’ असं आमच्यात कोणी विचारलं, की त्याचा अर्थ ‘यंदा पोटापाण्याचं काय?’ असाच असतो.

मी असे अकरा मोसम केले. उन्हाळ्यात लग्नसराईचे ऑर्केस्ट्रा, भाद्रपदात गणपती, मग नवरात्र, मग पुन्हा वडसा. आता सहा वर्षं झाली, मी नागपुरातल्या एका खासगी रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीवर काम करतो. गेल्या दोन वर्षांत निदान दहा-बारा कलावंत मला हळूच बाजूला घेऊन विचारून गेले, की दादा, तुम्ही सोडलं कसं? कोणाला पहिलं मूल झालंय, कोणाचा गळा बसलाय, कोणाला घरमालकाने खोली सोडायला सांगितलीय. दर वेळी सगळं सांगायला वेळ पुरत नाही. म्हणून पायरी-पायरीने लिहितो आहे.

सुरुवात डायरीपासून करा. प्रत्येक कलावंताकडे एक डायरी असते, तिच्यात तारीख, गाव, कंपनी, ठरलेले पैसे आणि मिळालेले पैसे लिहिलेले असतात. मागच्या तीन वर्षांच्या डायऱ्या काढा आणि एका मोठ्या कागदावर बारा महिन्यांचे बारा रकाने पाडा. ज्या महिन्यात पैसे प्रत्यक्ष हातात आले, त्या महिन्यात ते लिहा. ठरलेले पैसे लिहायचे नाहीत. माझ्या एका मोसमाचे शेवटच्या नऊ नाईटींचे पैसे आजही यायचे आहेत. डायरीत ते ‘येणे’ म्हणून होते आणि मी ते मनात खर्चूनही टाकले होते.

एक नमुना मांडतो. समजा, झाडीपट्टीच्या ६० नाईट, नाईटला १,५०० रुपये, म्हणजे ९०,००० रुपये. लग्नाचे १५ कार्यक्रम, प्रत्येकी १,२०० प्रमाणे १८,०००. गणपती-नवरात्राचे १० कार्यक्रम, प्रत्येकी १,५०० प्रमाणे १५,०००. वर्षाचे झाले १,२३,००० आणि महिन्याला पडले १०,२५०. त्यातून मेकअपचं सामान, कपडे, वडशाला जाणं-येणं, पेट्रोल हे वजा करा. तुमचे आकडे यापेक्षा बरे असतील किंवा वाईट, ते तुम्ही टाका. पण हिशेबाची रीत हीच ठेवा, कारण आमची फसगत इथेच होते. मोसमातल्या पाच महिन्यांत हेच ९०,००० रुपये महिन्याला १८,००० वाटतात. कोणी पंधरा हजारांची नोकरी सांगितली की आपण मनातल्या मनात ती त्या अठरा हजारांशी ताडून पाहतो आणि नको म्हणतो. तुलना करायची ती दहा हजारांशी, आणि त्याहून जास्त जुलैशी.

माझा निर्णय जुलैतच झाला. बाहेर झड लागली होती, सहा दिवस ऊन नव्हतं. मुलीच्या शाळेची फी भरायची होती आणि गॅस संपला होता. बायकोने भांडण केलं नाही. तिने फक्त विचारलं, “अहो, दिवाळीला अजून किती दिवस आहेत?” मी बोटांवर मोजले. एकशे सोळा.

त्या पावसाळ्यात मला एक गोष्ट पहिल्यांदा नीट कळली. झाडीपट्टीचा मोसम दिवाळीनंतरच का सुरू होतो? कारण तेव्हा धान निघतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा सगळा भाताचा मुलूख. कापणी-मळणी होते, घरात धान्य येतं, हातात पैसा येतो आणि माणूस रात्रभर नाटक पाहायला मोकळा होतो. नुसता प्रेक्षकच मोकळा होतो असं नाही. रंगमंचावर उभा असलेला गावचा नटही तोच धान कापून आलेला असतो. दंडार आणि खडी गंमत ही तिथली लोकनाट्यं खेळणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी होती, आजही तिथले कितीतरी कलावंत शेती, दुकान किंवा मास्तरकी सांभाळून रंग लावतात. या रंगभूमीवरच्या कामासाठी परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हा सगळ्यांना फार आनंद झाला. पण ही रंगभूमी उभी राहिली ती अशा माणसांच्या खांद्यावर, ज्यांचा पावसाळा शेत सांभाळत होतं. आम्ही नागपूरचे पूर्णवेळ कलावंत तिथे जातो, तीच पाच महिन्यांची कमाई घेतो, पण आमच्याकडे धानाची बांधी नाही. उरलेल्या सात महिन्यांचं शेत आम्हाला शहरात शोधावं लागतं. माझ्या मते नोकरी म्हणजे तेच शेत. हे मनात एकदा बसलं की ‘सोडलं’ हा शब्द तोंडात येईनासा होतो.

सिव्हिल लाइन्समधल्या ज्या सभागृहात आपण कार्यक्रम करतो, त्याला ज्यांचं नाव आहे, त्या डॉ. वसंतराव देशपांड्यांचंच पाहा. १९२० साली मूर्तिजापूरला जन्म, लहानपण नागपुरात, शंकरराव सप्रे गुरुजींकडे तालीम. १९३५ च्या ‘कालियामर्दन’ चित्रपटात ते कृष्ण झाले. म्हणजे पंधराव्या वर्षी हा मुलगा पडद्यावर होता. आणि तोच पुढे पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून म्हणून रुजू झाला, वीसहून अधिक वर्षं तिथे राहिला, ईशान्येकडची बदलीही त्याने सोसली. गाणं त्या काळातही चालू होतं. नोकरी सोडल्यावर १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ रंगमंचावर आलं आणि वसंतरावांनी त्यात रंगवलेले खाँसाहेब घराघरांत पोचले. ते नाटक लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकरही आपल्या नागपूरचेच. वसंतरावांचा गळा आपल्याला नाही, हे मी जाणतो. पण फायलींच्या टेबलाशी इतकी वर्षं बसून त्यांचं गाणं मेलं नाही, एवढं तरी आपण त्यांच्याकडून घेऊ शकतो.

आता व्यवहाराकडे येऊ. पहिली अडचण वयाची. आपण पस्तिशीला जागे होतो आणि तोवर काही दारं बंद झालेली असतात. बँकेच्या कारकून पदाला खुल्या वर्गासाठी २८ वर्षांची मर्यादा आहे. केंद्रीय विद्यालयातल्या प्राथमिक संगीत शिक्षकाला ३०. राज्य सरकारच्या बहुतेक पदांना खुल्या वर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३. ज्याचं वय सत्तावीस-अठ्ठावीस आहे त्याने हे आजच वहीत लिहून ठेवावं. त्याला अजून मोसम सोडायची गरज नाही, पण परीक्षेचा अर्ज पावसाळ्यात भरता येतो आणि अभ्यासाला पावसाळ्याइतका रिकामा वेळ दुसरा नाही.

कलेच्या जोरावर मिळणाऱ्या काही नोकऱ्याही आहेत, त्या पुष्कळांना माहीत नसतात. रेल्वेत खेळाडूंसारखाच सांस्कृतिक कोटा असतो. लेखी परीक्षा होते, मग प्रत्यक्ष सादरीकरण होतं आणि मिळवलेल्या पारितोषिकांचाही विचार होतो. नागपुरात मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे या दोन्हींची विभागीय कार्यालयं आहेत, पण जाहिरात निघते ती मुंबई आणि बिलासपूरच्या मुख्यालयांतून, म्हणून दोन्हीकडे लक्ष ठेवावं लागतं. जागा अगदी मोजक्या असतात. केंद्रीय विद्यालयाच्या संगीत शिक्षकाला सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ३५,४०० रुपये मूळ वेतन मिळतं, त्यासाठी बारावीला ५० टक्के आणि संगीतातली पदवी किंवा तिच्या बरोबरीची पात्रता लागते. ‘बरोबरीची’ या शब्दाशी थांबा. आपल्याकडे पुष्कळांनी गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद केलेली असते आणि ती पदवीसारखी चालेल असं आपण धरून चालतो. कुठे चालते, कुठे चालत नाही. जाहिरातीतली अट शब्दन्‌शब्द वाचा, शंका असेल तर लेखी विचारा.

बाकीच्यांना माझ्यासारखी साधी खासगी नोकरी. रुग्णालयाची खिडकी, शोरूम, शाळेचं कार्यालय, मिहानमधल्या कंपन्यांचं ग्राहकसेवेचं काम, बुटीबोरीतलं स्टोअर. इथे वयाची लेखी अट नसते, पण कागद लागतात, आणि कलावंताकडे कागदच नसतात. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आधी शोधून काढा. माझी बारावीची आईच्या ट्रंकेत लुगड्याच्या घडीत निघाली. पदवी अर्धी राहिली असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पुरी करता येते. संगणकाचा एखादा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि मराठी-इंग्रजी टंकलेखन दोन-तीन महिन्यांत होतं. ज्या संस्थांसोबत काम केलं त्यांच्या पत्रशीर्षावर अनुभवाचं पत्र घ्या, त्यात कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत आणि काय काम केलं हे स्पष्ट असू द्या. आणि ज्या सरकारी किंवा मोठ्या कार्यक्रमांच्या मानधनातून दहा टक्के कर कापला गेला, त्याची नोंद आयकर खात्याकडे तुमच्या पॅन क्रमांकावर असते. तिची प्रत काढा. विवरणपत्र भरलं तर तो कापलेला पैसा बहुधा परतही मिळतो. ती नोंद म्हणजे तुम्ही काम करत होतात याचा सरकारी पुरावा आहे.

मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: “मधली इतकी वर्षं काय करत होतात?” पहिल्या ठिकाणी मी म्हणालो, “नाटकं केली,” आणि मान खाली घातली. समोरच्या बाईंनी पुढचा कागद उचलला. चूक माझी होती. मीच ती वर्षं रिकामी असल्यासारखं बोललो. तिसऱ्या मुलाखतीच्या आधी मी घरी बसून लिहून काढलं, की या अकरा वर्षांत मला नेमकं काय येऊ लागलं. एका रात्री दोन वाजता ध्वनिक्षेपक बंद पडला, मैदानात हजारावर माणसं, आणि मी वीस मिनिटं नुसत्या आवाजावर त्यांना बसवून ठेवलं. सोबतचा नट तापाने पडला तेव्हा दोन तासांत त्याची भूमिका पाठ केली. साठ रात्री साठ गावांत वेळेवर पोचलो. हे मी त्या रुग्णालयात सांगितलं. घाबरलेले, चिडलेले नातेवाईक दिवसभर ज्या खिडकीवर येतात तिथे असाच माणूस हवा असतो, हे त्यांना मला पटवून द्यावं लागलं नाही. तुम्ही तबलजी असा, नर्तिका असा, नेपथ्य उभारणारे असा, ही यादी तुमचीही निघेल. ती साध्या शब्दांत, प्रसंगासकट सांगा. पुरस्कारांची यादी मागितली तरच द्या.

सोडायची वेळ मोसम संपल्यानंतरची ठेवा. डायरीत घेतलेली एकही तारीख मोडू नका. मधेच गेलात तर कंपनीचा प्रयोग अडतो आणि तुमच्याबरोबरच्या पंचवीस-तीस माणसांची नाईट बुडते. नोकरी आधी हातात आली तर रुजू होण्याची तारीख पुढे मागून पाहा, पुष्कळदा पंधरा दिवस मिळतात. घेतलेला ॲडव्हान्स परत करा आणि जमलं तर तुमच्या जागी दुसरा नट सुचवा. मी वडशाला कंपनीच्या खोलीवर गेलो तेव्हा भिंतीवर पुढच्या नाटकाचं पोस्टर लागलं होतं आणि त्यात माझा फोटो होता. मालकांनी तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, “जाय बाबू. लेकराबाळाचं पाय. पण मंडईच्या चार नाईटी सुट्टी काढून करत जाय.” त्या शब्दांमुळे मला तिथून ताठ मानेने निघता आलं. निरोप असा घ्या, की पुढच्या वर्षी त्याच खोलीत तुम्हाला चहा मिळेल.

पहिल्या पगाराची स्लिप हातात आली तेव्हा मला ती वाचता आली नाही, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. समजा पगार १८,००० ठरला आणि त्यात मूळ वेतन १५,००० आहे. भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के म्हणजे १,८०० कापले जातात. कर्मचारी राज्य विम्याचे पाऊण टक्का म्हणजे १३५. पुरुषांना व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत ३००. महिलांना पंचवीस हजारांपर्यंतच्या पगारावर तो लागत नाही. हातात येतात १५,८६५. कपात पाहून माझं तोंड पडलं होतं. लेखा विभागातल्या ताईंनी पेन घेऊन समजावलं, की भाऊ, तुमच्या १,८०० मध्ये मालकाचेही १,८०० जमा होतात, त्यातले १,२५० पेन्शनच्या खात्यात जातात आणि बाकीचे तुमच्या निधीत. दहा वर्षं नोकरी भरली तर ५८ व्या वर्षापासून थोडं का होईना, निवृत्तिवेतन लागतं. म्हणजे ज्याला ते हवं त्याने अठ्ठेचाळिशीच्या आत अशा नोकरीत यायला हवं. विम्यात मालक वरून सव्वातीन टक्के भरतो. त्यातून कुटुंबाला औषधोपचार मिळतात आणि ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असली तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. ही योजना महिन्याला २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना लागू आहे. झाडीपट्टीत मला एका जानेवारीत कावीळ झाली होती. अठरा नाईट गेल्या आणि त्या अठरांचं काहीच मिळालं नाही, कारण काम नाही तर दाम नाही हा तिथला सरळ नियम आहे. त्या ताईंचं ऐकताना मला ती कावीळ आठवत होती.

काही जण म्हणतात, म्हातारपणी सरकार मानधन देतंच. देतं. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठीची योजना आहे, २०२४ पासून तिचं मानधन सरसकट महिन्याला ५,००० रुपये झालं. पण वयाची पन्नाशी, उत्पन्नाची मर्यादा आणि जिल्ह्याच्या निवड समितीची शिफारस या सगळ्यातून जावं लागतं. ज्यांचं सगळं आयुष्य मंचावर गेलं आणि आता हात रिकामे आहेत, त्यांचा तो हक्क आहे. पस्तिशीतल्या माणसाने त्याच्यावर आयुष्याची मांडणी करू नये.

नोकरीत सगळ्यात जड जाते ती झोप. अकरा वर्षं मी सकाळी सहाला झोपणारा माणूस. पहिले तीन आठवडे दुपारी तीन वाजता खिडकीवर डोळे मिटत. शरीराला वळायला साधारण दोन महिने लागले. दुसरी जड गोष्ट टाळ्यांची. रात्री अकराला, म्हणजे दुसरा अंक रंगात येण्याच्या वेळी, अंथरुणात जागाच असायचो आणि छातीत काहीतरी भरून यायचं. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा. तो काळ जातो, पण एकट्याने काढू नका.

आणि रियाज पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. ‘आधी नोकरीत रुळतो, मग गातो’ असं म्हणणारे माझे दोन मित्र आज गात नाहीत. मी पहाटे साडेपाच ते सात पेटी घेऊन बसतो. महिन्याच्या पगाराची खात्री असल्यामुळे आता मी लग्नात वाट्टेल ती गाणी गात नाही, वर्षाला मोजके कार्यक्रम घेतो आणि त्यांची तयारी पूर्वीपेक्षा चांगली होते. मात्र बाहेरचं काम घेण्याआधी नेमणूकपत्र नीट वाचा. काही ठिकाणी दुसऱ्या कमाईला मनाई असते. सरकारी नोकरीत मानधन घ्यायचं असेल तर आधी परवानगी लागते. मी रुजू होतानाच लिहून दिलं होतं, की मी कलावंत आहे आणि सुट्टीच्या दिवशी कार्यक्रम करीन. व्यवस्थापनाने त्यावर सही दिली. मंडईच्या चार नाईटी मी दर वर्षी अर्जित रजा टाकून करतो.

संध्याकाळी तालीम, पहाटे नोकरीची बस, हे नागपूरच्या नाटकाला नवीन नाही. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत इथे जे संघ उतरतात, त्यांत बँका, वीज कंपनी, शाळा, कारखाने अशा ठिकाणची माणसं भरलेली असतात. ती स्पर्धा हौशींची आहे. पूर्णवेळ होतो तेव्हा मी तिथे प्रेक्षक म्हणून बसायचो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पहिल्यांदा तिच्यात उभा राहिलो.

पगाराच्या स्लिपेतली आणखी एक ओळ सांगायची राहिली. जून आणि डिसेंबरमध्ये ‘कामगार कल्याण निधी’ म्हणून २५ रुपये कापलेले दिसतील. रक्कम लहान म्हणून कोणी तिकडे पाहत नाही. ती जाते महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाकडे, आणि हा निधी भरणाऱ्या कामगारांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी मंडळ नाट्यस्पर्धा घेतं. तुमच्या स्लिपेत ती ओळ असेल तर जवळच्या कामगार कल्याण केंद्रात जा आणि या वर्षीच्या प्रवेश अर्जाची शेवटची तारीख विचारून या.